मागची शीट नको

गाडी विकली की गाडी निघून जाते, किस्सा मात्र आपल्याकडंच राहतो. शिवाय गाड्या उभ्या करायला निदान जागा लागते, किस्से एकावर एक कितीही रचा! आम्ही जुने शोरूमवाले एखाद्या लग्नात भेटलो, की अक्षता पडून पंगती उठल्या तरी आमचं ‘तुला तो पिंपळीचा आठवतो का?’ चालूच असतं. शेवटी बायका येऊन दटावतात, तेव्हा कुठं आम्ही उठतो.

नव्वदीच्या दशकात मी बारामतीत एका गाड्यांच्या शोरूममध्ये बुकिंगच्या टेबलावर बसायचो. शोरूम म्हणजे काय, तर पुढं काचेच्या आत एक चकचकीत गाडी आणि मागं पत्र्याचं वर्कशॉप. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. वर्कशॉपात बाबू मिस्त्री. आणि गिऱ्हाइकाला रंग, एसी, टेप, सीटकव्हर, हॉर्न असे सगळे ऑप्शन समजावून सांगायला मी. माणूस कोणता ऑप्शन घेतो यावरून माणूस ओळखता येतो, असा माझा त्या काळात पक्का समज होता. तरुण होतो, चालायचंच!

*

पिंपळीची एक अख्खी भावकी गाडीचा रंग पसंत करायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली होती. थोरल्याला पांढरा पाहिजे, मधल्याला लाल, धाकट्याला निळा. सुनांचं आपापसात वेगळंच काहीतरी ठरलेलं. रंगांचं कार्ड या हातातून त्या हातात फिरलं, त्यावरून दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आणि तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागून चहाचा कप कार्डावर कलंडला.

म्हातारी आई इतका वेळ सोफ्याच्या अगदी कडेला बसून होती. सोफा मळेल म्हणून ती नीट टेकलीसुद्धा नव्हती. तिनं कार्ड मागून घेतलं, डोळ्याजवळ धरलं आणि एका जागी बोट ठेवलं.

“ह्यो द्या.”

“आजी, हा रंग नाही. हा चहा सांडलाय!”

“मंग चहाचाच द्या. गाडी वल्या रानातनं आली काय आन् डांबरीवरनं आली काय, सारखीच दिसंल. ही समदी चालवणारी हायेत, धुणारं यातलं एक बी न्हाय!”

तिन्ही भाऊ खाली बघायला लागले. शेठनी कंपनीला फोन लावला आणि चहाच्या जवळपास जाणारा रंग मागवला.

*

भवानीनगरला कारखान्यात नोकरीला असलेले एक साहेब होते. त्यांनी एसीची गाडी घेतली. त्या भागात एसीची गाडी तेव्हा नवलाचीच. महिना झाला नाही तोच तक्रार घेऊन हजर. “एसी गार करत न्हाय!”

बाबू मिस्त्रीनं एसी तपासला, उत्तम चालत होता. साहेब दोन दिवसांनी परत आले. पुन्हा तपासला, पुन्हा उत्तम. शेवटी बाबू म्हणाला, “चला, तुमच्याबरोबर एक फेरी मारतो.”

फेरी मारून आला तो पोट धरून हसतच. साहेबांनी एसी पूर्ण सोडला होता, आणि चारही काचा खाली!

“साहेब, काचा वर घ्या की!”

“वर घेतल्या, तर आत कोण बसलंय ते लोकांना दिसणार कसं?”

मग दोघांत तडजोड झाली. ओळखीचं गाव आलं की काचा खाली, गाव संपलं की वर. आता बारामती ते भवानीनगर हा सगळा पट्टा साहेबांच्या पाव्हण्यारावळ्यांचा. एसीचं गार वारं त्यांना थेट पुण्याच्या वाटेला लागल्यावरच मिळायचं.

*

आता अंथुर्ण्याच्या बिरातात्यांविषयी सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. त्यांनी स्वतः तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केलेली. पुढं पाणी आलं, ऊस आला, डाळिंब आलं, मेंढरं गेली. दारात ट्रॅक्टर आणि एक जुनी जीप. माणूस उंच, शेलाटा, बोलायला अगदी कमी. त्यांची बायको सगुणामावशी त्यांच्या दुप्पट बोलायची, पण चार माणसं जमली की पदर दातात धरून गप्प.

मावशींची एकच अडचण होती. त्यांना गाडी लागायची. जीपमध्ये मागं बसल्या की अर्ध्या तासात लिंबू हुंगायला सुरुवात, आणि घाट आला की संपलंच.

तात्यांची एकुलती एक लेक कमल, तिकडं चिपळूणला दिलेली. जावई शाळेत मास्तर. त्यांनी तिथं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळे जीपनं निघाले, तर कोयनेच्या अलीकडंच मावशींचे डोळे पांढरे झाले. तिथून त्यांना माघारी आणलं. तेव्हापासून लेकीच्या घराला तीन वर्षं होत आली होती आणि आईनं तिथं पाऊल टाकलेलं नव्हतं.

“घराचा फोटू हाय माज्याकडं,” मावशी मला एकदा म्हणाल्या. “पर फोटूत सैपाकघर दिसत न्हाय. लेक कुठं हुबी ऱ्हाती, उजेड कुठनं येतो, काय बी कळत न्हाय.”

बाबू मिस्त्रीनं तात्यांना सरळ इलाज सांगितला होता. “मावशींना पुढं बसवा. समोर रस्ता दिसला की मळमळत न्हाय.”

तात्या म्हणाले, “ठावं हाय.”

ठाऊक असून उपयोग नव्हता. आमच्याकडं जीपची पुढची सीट म्हणजे मानाची. ती रिकामी ठेवून जीप गावातून बाहेर पडूच शकत नाही. स्टँडवर कुणी ना कुणी थोर माणूस हात करतं, पुढं येऊन बसतं. आणि मावशी आधीपासून पुढं बसलेल्या असल्या, तरी कुणी उठवायच्या आत स्वतःच उठून मागं जायच्या. ‘बाईमाणूस फुडं आन् जाणती माणसं मागं, शोभतं का?’ हा त्यांचाच प्रश्न.

*

तात्या नवी गाडी बघायला आले ते यासाठीच. मऊ स्प्रिंगांची, ऐसपैस मागच्या सीटची एक गाडी आमच्याकडं आली होती. मी त्या मागच्या सीटचं जे काही वर्णन केलं, ते ऐकून शेठसुद्धा क्षणभर गाडी घ्यायला तयार झाले असते.

ट्रायल घ्यायची ठरली, गाडी मी चालवणार होतो. मावशी आल्या. आणि न सांगता आबाही आले.

आबा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा आबांनीच तात्यांना वाढवलेलं. त्यामुळं तात्यांनी त्यांच्यापुढं उभ्या जन्मात तोंड उघडलेलं नव्हतं. आबा वाईट माणूस मुळीच नव्हते. फक्त गाडीचं पुढचं दार उघडलं, की ते आपल्यासाठीच उघडलंय असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

तात्यांनी दार उघडलं मावशींसाठी. “बस.”

मावशी तिथंच उभ्या. “आबा हायेत की. मी कशी फुडं बसू?” असं म्हणून त्या मागं जाऊन बसल्यासुद्धा. आबा पुढं बसले, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, “हाणा.”

पिंपळी यायच्या आधीच मागून तात्यांचा आवाज आला, “सायेब, थांबवा जरा.”

मावशी रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, तात्या त्यांना पाणी देत होते. आबा पुढच्या सीटवरून खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला बोट लावलं आणि गंभीरपणे निकाल दिला.

“गाडीच लागट हाय. दुसरी दावा!”

मला हसूही येत होतं आणि रागही. तात्यांनी मावशींचं तोंड पुसायला खांद्यावरचा टॉवेल दिला, तो त्यांच्या हातातच राहू दिला आणि गाडीकडं पाठ करून उभे राहिले.

*

या सगळ्यात मधेच तो काचेवर नावं लिहून घेणारा! त्याला सोडून कसं चालेल?

इंदापूरकडचा एक दुधाचा व्यापारी. नवी गाडी घेतली आणि मागच्या काचेवर नाव रंगवायचा ऑप्शन घेतला. पेंटरनं विचारलं, “काय लिहू?” हा म्हणाला, “पोरीचं नाव लिही.” लिहिलं. मग पुतणीला वाईट वाटेल म्हणून तिचं. मग पुतण्यांनी काय घोडं मारलंय? मग बहिणीची पोरं. मग भावाच्या सासरी परवाच जन्मलेलं एक, त्याचं बारसंसुद्धा झालेलं नव्हतं, म्हणून नुसतं ‘बाळ’ लिहिलं.

बाबू मिस्त्री आरसा लावायला आत बसला आणि ओरडला, “अहो, मागचं काय बी दिसत न्हाय!”

हा शांतपणे म्हणाला, “मागं बघायचं कशाला? समदी आतच हायेत की!”

खरंच, सगळी आतच होती. दाटीवाटीनं, एकमेकांच्या मांडीवर. गाडी निघाली तेव्हा आतून जो कालवा उठला, तो चौकापर्यंत ऐकू येत होता. मला तो माणूस फार आवडला.

*

मग एके दिवशी डाकेनं एक कॅटलॉग आला आणि आमच्या शोरूमचं जत्रेचं मैदान झालं.

स्पोर्ट्स कार! ठेंगणी, दोन दारांची, वरचं टप काढून ठेवता येणारी. आमच्या शेठची पुण्यातल्या कुणाशी तरी ओळख होती, तिथून बुकिंग मिळत होतं. शेठनी कॅटलॉगमधलं मोठं चित्र काचेला आतून चिकटवलं. ऊस घालून परत निघालेले ट्रॅक्टर शोरूमपुढं थांबायला लागले. जो तो चित्रापाशी नाक नेऊन मत देऊन जायचा.

“वरनं उघडी? मंग आमचा ट्रॅक्टर काय वाईट हाय?”

“दोनच शिटा? आन् शेरडं कुठं ठिवायची?”

एक कॉलेजातला तरणाबांड मुलगा अगदी हट्टालाच पेटला. बापाला घेऊन आला. बापानं चित्रातली गाडी नीट बघितली. मग गाडी आणि जमीन यांच्यामध्ये चार बोटं आडवी धरून पाहिली.

“सायेब, एवढीच उचललेली हाय व्हय जमिनीपासनं?”

“स्पोर्ट्स कार आहे ना. ती अशीच असते.”

“मंग आमच्या पाणंदीत ही अडकणार. आन् अडकली की काढायला ट्रॅक्टर पायजे.” मग मुलाकडं वळून म्हणाला, “त्यापरीस तू ट्रॅक्टरवरच का बसत न्हाईस?”

मुलगा ट्रॅक्टरवरच बसून परत गेला. चित्र काचेवर पिवळं पडायला लागलं. शेठ रोज सकाळी त्याच्याकडं बघून सुस्कारा सोडायचे.

*

एका दुपारी तात्या एकटेच आले. जीपच्या कामासाठी आले असतील म्हणून मी बाबूला हाक मारली. तात्या म्हणाले, “मिस्त्री नको.” आणि काचेवरच्या चित्राकडं बोट केलं. “ही लिहून घ्या.”

शेठ गल्ल्यावरून उठून आले. “तात्या, ही तुमच्या कामाची नाही हो. यात दोघंच बसतात!”

“दोघंच ना? नक्की?”

“दोघंच.”

“मंग लिहून घ्या.”

मी समोर कागद ओढला. मनातल्या मनात म्हटलं, तात्यांना उतारवयात हे काय सुचलं! डाळिंबाचं साल चांगलं गेलेलं दिसतंय.

“रंग कुठला?”

“पिवळा. भंडाऱ्याचा असतो तसा.”

“टप कापडी की कडक?”

तात्यांनी बराच विचार केला. “कापडी. काढता आलं पायजे. तिला वारं लागलं की बरं वाटतं.” मग जरा थांबून, “पर पाऊस आला तर लगीच लावता आलं पायजे बरं का.”

“टेप?”

“नको. ती बोलती की.”

“चाकं साधी की चकचकीत मॅग व्हील?”

“साधीच. तिला पट्टा मात्र मऊ मिळतो का बघा. गळ्याला काचंल.”

प्रत्येक ऑप्शनला ‘तिला’! मला हळूहळू उलगडायला लागलं होतं, पण सेल्समनची जीभ गप्प बसते थोडीच? मी माझा शेवटचा ऑप्शन काढला. दोन्ही सीटांच्या मागं सामान ठेवायला थोडी जागा होती. जास्तीचे पैसे भरले, तर पुण्याचा एक माणूस तिथं गादी बसवून द्यायचा.

“तात्या, मागं एक छोटी सीट बसवून घेऊ. अडचणीला एखादं माणूस आरामात—”

“नको!”

इतक्या वर्षांत तात्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. शेठसुद्धा दचकले.

“मागची शीट नको. तसं लिहा. मागं काय बी नको.” मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं. खुर्चीत नीट बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “सायेब, मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो ना, तवा ही समद्यांच्या फुडं असायची. घोडं धरून.”

मी मेंढपाळांचा तळ हलताना पाहिलेला होता. घोड्यावर सगळा संसार लादलेला, भांडी, घोंगडी, कोंबड्या, वर बांधलेलं तान्हं पोर. घोड्याचा लगाम बाईच्या हातात. ती पुढं जाते, मुक्कामाची जागा धरते, चूल मांडते. गडी मेंढरं चारत चारत मागून पोचतात.

“आख्खा घाट चालत उतरायची,” तात्या म्हणाले. “कवा चक्कर न्हाय, कवा मळमळ न्हाय. दारात जीप आली, तवापासनं मागं बसतीया. मागं बसली आन् आजारी पडली.”

तात्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून पुन्हा तिथंच ठेवली.

“आबांना मी मागं बसा म्हणू शकत न्हाय. ती बी म्हणू द्यायची न्हाय. म्हणून म्हणलं, मागं काय नसलंच तर...”

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मी मान खाली घालून लिहायला लागलो. शेठ उगीचच पंख्याचं बटण चालू-बंद करत राहिले.

*

गाडी यायला बरेच महिने गेले. दर बाजारच्या दिवशी तात्या यायचे, चित्राकडं बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे. मावशींना यातलं काहीच माहीत नव्हतं. तिकडून कमलचा निरोप यायचा, इकडून मावशी तिच्यासाठी कुरडया पाठवायच्या.

आणि एक दिवस गाडी आली. पिवळी धम्मक!

तात्यांनी मावशींना जीपच्या कामाचं निमित्त सांगून बारामतीला आणलं. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. तात्यांनी दार उघडलं. “बस.”

मावशी पदर सावरत सवयीनं मागच्या दाराकडं निघाल्या. दार सापडेना. गाडीला पूर्ण वळसा घालून पलीकडं गेल्या. तिथंही नाही. फिरून पुन्हा उघड्या दारापाशी आल्या.

“आवं, मागचं दार कुठाय?”

“न्हाय.”

“न्हाय म्हंजी?”

“कंपनीनं काढलंच न्हाय,” तात्यांनी खुशाल ठोकून दिलं.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी शेठकडं बघितलं. शेठ म्हणाले, “मावशी, कंपनीपुढं कुणाचं काय चालतं?”

“आन् आबा कुठं बसायचे?”

तात्यांनी दार आणखी उघडून धरलं, तेव्हा कुठं मावशी आत टेकल्या.

*

असली गाडी आमच्याकडून पहिल्यांदाच जात होती. म्हणून शेठनी मला आणि बाबू मिस्त्रीला शोरूमची जीप देऊन पाठीमागून पाठवलं, तात्यांना घरापर्यंत सोडायला. मी चालवत होतो, बाबू माझ्या शेजारी. पुढं ती पिवळी गाडी, टप काढलेलं, तात्यांची पांढरी टोपी आणि मावशींचा हिरवा पदर. पिंपळी गेली, भवानीनगर गेलं. रस्त्याच्या कडेला उसाच्या गाड्या थांबवून माणसं बघत होती. आमची नजर सारखी मावशींवर. मान खाली जाते का? पदर तोंडाला लावतात का? पण त्यांची मान ताठ होती. उलट हात लांब करकरून तात्यांना काहीतरी दाखवत होत्या.

अंथुर्ण्याच्या स्टँडवर आबा उभे! बातमी आमच्या आधीच पोचली होती. धुतलेलं धोतर, नवी टोपी, पुढच्या सीटवर बसायच्या पूर्ण तयारीनं.

मावशींनी त्यांना बघितलं आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. उघडी गाडी, त्यामुळं अख्ख्या स्टँडला त्या गाडीत उभ्या राहिलेल्या दिसल्या. तात्यांनी गाडी थांबवली. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट, नजर समोर.

आबांनी गाडीभोवती चक्कर मारली. शोरूममध्ये मावशींनी मारली होती तशीच. मग वाकून सीटांच्या मागं बघितलं.

“मागं कुठं बसायचं?”

“न्हाय आबा,” तात्या म्हणाले. आवाज बारीक, पण निघाला. “हिला मागं काय बी न्हाय. आसलीच घेतली मी.”

आबांनी धाकट्या भावाकडं बघितलं. मग त्यांनी मावशींकडं बघितलं. त्या अजून उभ्याच, खाली उतरावं की काय या विचारात, एक हात काचेवर.

“तू हुबी का?” आबा खेकसले. “बस की खाली! पडशील, म्हंजी!”

मावशी मटकन बसल्या. आबांनी स्वतःच्या हातानं दार नीट लागलंय का ते ओढून बघितलं. मग काठी टेकत सरळ आमच्या जीपपाशी आले आणि बाबू मिस्त्रीला म्हणाले, “तू मागं जा.”

बाबू मागं गेला. आबा माझ्या शेजारी बसले, टोपी सारखी केली.

“हाणा. त्यांच्या मागनं घ्या.”

घरापर्यंतच्या वाटेवर ते एकदाच बोलले. पिवळ्या गाडीकडं बघत, अगदी सहज विचारल्यासारखं. “लागली न्हाय व्हय तिला?”

“नाही आबा. बारामतीपासून एकदाही नाही.”

आबांनी मान बाहेर वळवली. “मंग गाडी चांगली हाय.”

*

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी आली, ती चिपळूणवरून परत येताना थेट आमच्या दारातच. चाकांना तांबडी माती. पुढचं दार मावशींनी स्वतः उघडलं आणि हातात फणसपोळीची पिशवी घेऊन उतरल्या. आम्ही सगळे काम टाकून बाहेर. शेठनी स्वतःची खुर्ची आणून दिली.

“मावशी, बघितलं का लेकीचं स्वयंपाकघर?”

“बघितलं की! उगवतीला खिडकी हाय. ओटा जरा उंच केलाय, पर कमल बी उंच हाय तिच्या बापागत. तिच्या चुलीवर म्या माज्या हातानं भाकरी केल्या.” बोलता बोलता त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच हसल्याही.

बाबू मिस्त्रीला राहवेना. “आणि घाटात? गाडी लागली का?”

“लागाया येळ कुठं हुता? ह्यांस्नी वाट कोण सांगणार? कोयनेच्या म्होरं रस्ता फुटला, तर हे निगाले उजवीकडं!”

“आगं, तितं बोर्ड हुता,” तात्या म्हणाले.

“बोर्ड काल लावला आसंल. म्या म्हणलं, डावीकडं घ्या, त्या वडापाशी आपला तळ पडायचा. तर हे म्हणत्यात कसं, कुठला वड?” मावशींनी आम्हा सगळ्यांकडं बघितलं, मग तात्यांकडं. “ह्यांस्नी कुठनं ठावं आसणार! ह्यांनी समदा घाट मेंढरांच्या शेपटांकडनंच बघितलाय!”